तांदळाच्या दाण्याचे आई-वडील कोण?

भिलाई-दुर्गच्या कुठल्याही धान्याच्या दुकानात जा. पोत्यांमध्ये खोचलेल्या पाट्यांवर तांदळाची नावं दिसतील. दुबराज, विष्णुभोग, जीराफूल ही नावं ऐकली की वास आणि चव आठवते. त्यांच्या शेजारीच एक नाव असतं, जे तांदळाचं वाटतच नाही: एचएमटी.

घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ते लगेच मनगटाकडे बोट दाखवतील. एचएमटी म्हणजे एके काळी घराघरात असलेलं, किल्ली द्यायचं घड्याळ. मग ते नाव तांदळाला कसं चिकटलं? हा बारीक तांदूळ बाजारात नवा आला तेव्हा त्याला नावच नव्हतं. एका व्यापाऱ्याने त्या काळी सगळ्यांना आवडणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला देऊन टाकलं आणि ते रूढ झालं.

हा तांदूळ कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बांधीत सापडला. दुर्गहून रेल्वेने राजनांदगाव, गोंदिया करत नागभीडला जाता येतं. त्याच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. मराठवाड्यातलं मोठं नांदेड ते वेगळं. या गावातले शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. आज लाखो ताटांत वाढला जाणारा एचएमटी भात त्या तीन लोंब्यांचा वंश आहे.

तीन लोंब्यांपासून एवढा तांदूळ, तोही पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ एकसारखा, हे जमलं कसं? दादाजींची नजर आणि चिकाटी हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर धानाच्या फुलात आहे. ते फूल आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नाही.

पोळ्याच्या दिवशी शेतात का जायचं नाही?

श्रावणातल्या अमावास्येला मराठी घरांत पोळा असतो, तर आमच्या इथल्या छत्तीसगढी घरांत त्याच दिवशी ‘पोरा’. मातीचे बैल, ठेठरी-खुरमी, सगळी धामधूम. पण गावाकडे आणखी एक रीत आहे. त्या दिवशी धानाच्या शेतात पाय ठेवायचा नाही. कारण अन्नमाता गरोदर आहे, असं मानतात.

हे नुसतं कवित्व नाही. त्या सुमारास बरंच धान खरोखरच ‘पोटरी’त आलेलं असतं. वरच्या पानाचा देठ खोडाभोवती गुंडाळलेला असतो आणि तो फुगून पिंढरीसारखा गोल दिसतो, म्हणून ती पोटरी. तिच्या आत कोवळी लोंबी तयार होत असते. अशा वेळी शेतात उगाच वावरलं तर कोवळी रोपं मोडतात, हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

वनस्पतिशास्त्र यात फक्त एक दुरुस्ती करतं. पोटरीतल्या लोंबीत अजून दाणे नसतात, असतात त्या कळ्या. गर्भ राहण्याची वेळ पुढे येते. काही दिवसांनी लोंबी पोटरी फोडून बाहेर पडते. याला आपले शेतकरी ‘धान निसवलं’ म्हणतात. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

तासाभरासाठी उघडणारं दार

फूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंगीत पाकळ्या येतात. धानाला पाकळ्या नाहीत, वास नाही, मध नाही. लोंबीवर शंभर-दीडशे हिरव्या, टोकदार कळ्या असतात. प्रत्येक कळी म्हणजे एकमेकांत बसलेली दोन तुसं. गिरणीत आपण जे टरफल काढून टाकतो, तेच हे तूस. म्हणजे धानाचं टरफल हे खरं तर फुलाचं दार आहे.

दाराच्या आत सहा पुंकेसर असतात, म्हणजे नर भाग. त्यांच्या टोकाला परागकणांनी भरलेल्या इवल्या पिशव्या असतात. मधोमध मादी भाग: तळाशी अंडाशय आणि त्यावर पिसासारखे दोन नाजूक तुरे. या तुऱ्यांना कुक्षी म्हणतात. परागकण झेलणं हे त्यांचं काम. नर आणि मादी दोघंही एकाच खोलीत, काही मिलिमीटर अंतरावर.

निसवल्यानंतर लोंबीवरची फुलं वरून खाली, आठवडाभरात उमलत जातात. साधारण सकाळी दहा ते बारा ही त्यांची वेळ. तुसांच्या तळाशी दोन बारीक गाठी असतात. त्या पाणी शोषून फुगतात आणि तुसं एकमेकांपासून दूर ढकलतात. दार उघडतं, पुंकेसर झपाट्याने लांब होतात, पिशव्या फुटतात आणि पराग सांडतो. त्यातला बराचसा शेजारच्या, म्हणजे स्वतःच्याच, कुक्षीवर पडतो. तासाभराने गाठी सुकतात, दार बंद होतं. रिकाम्या पिशव्या मात्र बाहेरच लोंबत राहतात. दुपारी शेतात जाऊन लोंबीवर फिकट पिवळे धागे दिसले, तर समजायचं की आजचं फुलणं उरकलं.

आणि हे सगळं घाईघाईने होतं, कारण धानाचा परागकण फार अल्पायुषी. बाहेर पडल्यावर तो काही मिनिटंच तग धरतो. त्यामुळे वाऱ्यावर स्वार होऊन लांबच्या शेतात जाऊन दाणा धरणं त्याला सहसा जमत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव किंवा त्याहून जास्त दाण्यांचे आई आणि वडील एकच असतात: तेच रोप, बहुतेक वेळा तेच फूल.

शीर्षकातल्या प्रश्नाचं हे उत्तर. धान स्वतःच आई आणि स्वतःच वडील.

एका दाण्यात दोन मिलनं

परागकण कुक्षीवर पडला की काही मिनिटांतच त्यातून एक सूक्ष्म नळी निघते आणि अंडाशयाकडे वाढू लागते. या नळीतून दोन नर पेशी खाली उतरतात. प्राण्यांमध्ये एका मिलनाला एकच नर पेशी पुरते. फुलझाडांना दोन का लागतात?

पहिली नर पेशी अंडपेशीला मिळते आणि त्यातून भ्रूण तयार होतो, म्हणजे उद्याचं रोप. दुसरी नर पेशी शेजारच्या मोठ्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळते आणि त्यातून त्या बाळाची शिदोरी तयार होते. तिला भ्रूणपोष म्हणतात. या शिदोरीत आईचे दोन वाटे आणि वडिलांचा एक. दोन मिलनांचा हा प्रकार १८९८ साली सेर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातल्या फुलांमध्ये प्रथम पाहिला. सगळ्या फुलझाडांचं हे वैशिष्ट्य आहे. गहू, ज्वारी, मका, नारळ, सगळ्यांत हेच घडतं. आपण पितो ते शहाळ्याचं पाणी आणि खातो ते खोबरं, हेसुद्धा भ्रूणपोषच.

मिलनानंतर आधी दाण्यात दूध भरतं. कोवळा दाणा चिमटीत दाबला तर खरंच पांढरं दूध येतं. मग ते घट्ट होऊन चीक होतो आणि फुलल्यापासून साधारण महिन्याभरात कडक दाणा.

म्हणजे आपण भात खातो तेव्हा नेमकं काय खातो? तर बाळाची शिदोरी. बाळ मात्र दाण्याच्या एका कोपऱ्यात असतं. गिरणीत तांदूळ पांढरा शुभ्र होईपर्यंत घासला की कोंड्याबरोबर ते बाळही निघून जातं. पांढऱ्या तांदळाचा एक दाणा भिंगाखाली पाहा. एका टोकाचा कोपरा कुरतडल्यासारखा दिसेल. ती भ्रूणाची रिकामी जागा. लग्नात डोक्यावर पडणाऱ्या अक्षता म्हणजे ‘न तुटलेले’ दाणे. पण त्यांचाही तेवढा कोपरा बहुधा गेलेलाच असतो.

म्हणून पांढरा तांदूळ कितीही पाण्यात ठेवा, त्याला मोड येत नाहीत. तुसासकट धान ठेवा, तीन-चार दिवसांत अंकुर दिसतो.

शेजारची झाडं काय करतात?

सगळीच झाडं धानासारखी आत्मनिर्भर नसतात. किंबहुना बऱ्याच जणांना दुसऱ्या कुणाची तरी गरज लागते.

गच्चीवर दुधी किंवा लाल भोपळ्याचा वेल लावलेल्या अनेकांची तक्रार असते की फुलं खूप येतात, पण फळ धरत नाही. कारण या वेलींवर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे छोटंसं फळ दिसतं, नर फूल नुसत्या देठावर असतं. मधमाशी किंवा पतंग आला नाही, तर मादी फूल गळून पडतं. उंच इमारतीच्या गच्चीवर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावावा लागतो.

मक्याचं काम वाऱ्यावर चालतं. शेंड्यावरच्या तुऱ्यात पराग, कमरेवरच्या कणसात बीजं. कणीस सोलताना ज्या रेशमी धाग्यांचा वैताग येतो, त्यातला एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. त्या धाग्याला पराग मिळाला नाही, तर कणसात ती जागा रिकामी राहते.

आमच्या छत्तीसगढचा मोह, म्हणजे महुआ, त्याच्याकडे रात्री वटवाघळं येतात. पहाटे झाडाखाली गोळा करतात ती मोहफुलं म्हणजे फुलाचा फक्त गरदार, गोड भाग. अंडाशय वर फांदीवरच राहतं आणि पुढे त्याचंच फळ होतं. त्या फळातल्या बीला इथे ‘टोरी’ म्हणतात आणि तिचं तेल काढतात. म्हणजे मोहफुलं वेचली तरी बी मारलं जात नाही.

आणि आंबा? त्याच्या मोहोरावर माश्या, किडे फिरतात, कुठल्या कुठल्या झाडाचा पराग मिसळतो. म्हणून हापूसची कोय लावली तर झाड येतं, पण हापूसच येईल याची खात्री नाही. कोय म्हणजे दोन घरांचं अपत्य. हापूस हापूसच राहावा म्हणून कलम करावं लागतं.

धानाला कलम लागत नाही. बी पेरलं की पुन्हा तोच वाण येतो. कारण दुसरं घर त्यात आलेलंच नसतं.

तीन लोंब्या आणि पाच-सहा हंगाम

आता पुन्हा नांदेडच्या बांधीत जाऊ. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत, शेती थोडीशीच. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल ३’ नावाचं धान होतं. त्यातल्या तीन लोंब्यांचे दाणे वेगळे, पिवळसर दिसले. बहुतेकांनी कापणीच्या गडबडीत त्या बाकीच्या धानात मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढून जपल्या आणि पुढच्या हंगामात ते बी वेगळं पेरलं.

धानाच्या शेतात अशी वेगळी लोंबी तीन वाटांनी येऊ शकते. बियाण्यात दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळला गेला असेल. रोपाच्या आनुवंशिक मजकुरात आपोआप बदल झाला असेल. किंवा शंभरातली ती एखादी दुर्मीळ घटना घडली असेल: दार उघडं असताना शेजारच्या वेगळ्या धानाचा परागकण वेळेत आत शिरला.

समजा तिसरी वाट घेतली, तर पुढचं गणित फार सुंदर आहे. आई आणि वडील शंभर बाबतींत वेगळे आहेत असं धरू. त्यांच्या पहिल्या अपत्यात शंभरच्या शंभर जागी दोघांचं मिश्रण असेल. पण आता हे रोप पुन्हा स्वतःशीच मिलन करणार. दर पिढीत मिश्र जागा निम्म्याने कमी होतात. शंभरच्या पन्नास, पन्नासच्या पंचवीस, मग साधारण बारा, सहा, तीन, दीड. सहा हंगामांत वाण जवळजवळ स्थिर झाला.

मधल्या पिढ्यांत रोपं एकसारखी नसतात. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाचा दाणा जाड, कुणाचा बारीक. इथे माणसाची गरज लागते. दर हंगामात शेतातून फिरायचं, हवी तशी लोंबी निवडायची, नको ती काढून टाकायची, निवडलेलं बी वेगळं वाळवायचं आणि वेगळंच साठवायचं. धानाचं फूल आपोआप वाण स्थिर करतं, पण कोणता वाण स्थिर व्हायचा ते निवडणारा हात ठरवतो.

दादाजींनी वर्षानुवर्षं नेमकं हेच केलं. दाणा बारीक, भात चवदार, उतारा चांगला. गावातल्या इतरांनी बी मागून नेलं. १९९० च्या सुमारास ते धान बाजारात पोहोचलं आणि त्याला घड्याळाचं नाव मिळालं. पुढे दादाजींनी ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’, ‘दीपकरत्न’ आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘डीआरके’ असे आणखी वाण निवडले. म्हणजे पहिल्या वेळचा तो योगायोग नव्हता.

बी कुणाचं, नाव कुणाचं?

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे, पुढची थोडी बोचरी. धानाचं बी जसं पसरायला सोपं, तसंच निर्नावी व्हायलाही सोपं. मूठभर बी दिलं की घेणाऱ्याकडे अख्खा वाण जातो. त्याला ना पेटी लागते, ना चावी.

दादाजींकडून १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या धान संशोधन केंद्राने बी नेलं. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित झाला. त्या नावात ज्याच्या बांधीत हे बी सापडलं तो शेतकरी कुठेच नव्हता.

ओळख उशिरा आली. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. पण हजारो शेतकऱ्यांनी पिकवलेल्या, व्यापाऱ्यांनी विकलेल्या त्या तांदळाने त्यांच्या घरी संपत्ती आणली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा शेवटच्या आजारपणातल्या आर्थिक ओढाताणीच्याही बातम्या आल्या होत्या.

मधल्या काळात देशात कायदा बदलला. २००१ च्या ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क’ कायद्यानुसार शेतकरी आपला वाण स्वतःच्या नावाने नोंदवू शकतो. शिवाय आपल्या पिकातलं बी राखणं, पेरणं, देवघेव करणं आणि विकणं हा त्याचा हक्क आहे. फक्त नोंदणीकृत वाणाचं बी कंपनीसारखं ब्रँडचा शिक्का मारून विकता येत नाही. दादाजींना तीन लोंब्या सापडल्या तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

मग दरवर्षी बी विकत का घ्यावं लागतं?

घरचं बी पेरता येतं, तर शेतकरी बियाण्याच्या पिशव्या का आणतात, असा प्रश्न पडेल. त्यातल्या काही पिशव्या ‘संकरित’ धानाच्या असतात.

संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचं पहिलं अपत्य. अशी पहिली पिढी बहुतेकदा जोमदार असते आणि उतारा जास्त देते. पण धान तर स्वतःशीच लग्न लावतं, त्याला दुसऱ्याशी कसं जोडायचं? त्यासाठी ज्याचा स्वतःचा पराग निकामी आहे असं रोप लागतं. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना असं एक जंगली धान सापडलं आणि तिथून संकरित तांदळाचा मार्ग खुला झाला.

अडचण दुसऱ्या पिढीत येते. संकरित पिकातलं बी राखून पेरलं, तर वर पाहिलेली फाटाफूट सुरू होते. उंची वेगवेगळी, पिकायची वेळ वेगवेगळी, दाणा वेगवेगळा. म्हणून दर वर्षी नवी पिशवी. यात फसवणूक नाही, हा त्या फुलाचाच हिशेब आहे. जास्त उतारा हवा तर बियाण्यावर दरवर्षी खर्च करायचा, घरचं बी हवं तर सरळ वाण पेरायचा. एचएमटी, दुबराज, विष्णुभोग हे सगळे सरळ वाण.

बी राखायचं म्हणजे पेरायचं

बी राखायचं ठरवलं तरी ते कणगीत भरून विसरून चालत नाही. आपल्या उष्ण, दमट हवेत साध्या साठवणीतल्या धानाची उगवण एक-दोन वर्षांतच घसरू लागते. त्यामुळे एखादा वाण गावातून नाहीसा व्हायला दुष्काळ लागतोच असं नाही. दोन-तीन हंगाम कुणी पेरला नाही, तरी पुरतं.

छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते नुसत्या उत्पादनामुळे नाही. इथे खोलगट शेतांसाठी वेगळं धान, उंचवट्यावरच्या हलक्या जमिनीसाठी वेगळं, पोह्यांसाठी वेगळं, पाहुण्यांसाठी वेगळं अशी हजारो वाणांची परंपरा होती. डॉ. आर. एच. रिछारिया या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात गावोगाव फिरवून सुमारे १९ हजार नमुने गोळा करवले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज त्या संग्रहासह २३ हजारांहून अधिक नमुने जपले आहेत. थंड आणि कोरड्या खोलीत धानाचं बी कितीतरी वर्षं टिकतं, पण तिथेही ते अधूनमधून शेतात पेरून ताजं करावं लागतं.

धान निदान साठवता तरी येतं. छत्तीसगढचा राज्यवृक्ष साल, त्याचं बी एवढीही सवलत देत नाही. मे-जूनमध्ये पंखांची फळं गरगरत खाली येतात आणि आठवडाभरात ओल मिळाली नाही तर बी मरतं. त्याची पेढी म्हणजे उभं जंगलच.

धानाचे जंगली भाऊबंदही आपल्या आसपास आहेत. पोळ्याच्या आठ-नऊ दिवस आधी कमरछठ येते. तेव्हा छत्तीसगढी आया मुलांसाठी उपास करतात आणि नांगर न लागलेलं धान खातात. बाजारात ‘पसहर’ नावाने लालसर तांदूळ महाग विकला जातो, तोच हा. तळ्याकाठी, डबक्यांत आपोआप उगवणाऱ्या या धानाचे दाणे पिकताच गळून चिखलात पडतात. पुढच्या वर्षी स्वतःच उगवायचं असेल तर तेच सोयीचं. आपल्या पूर्वजांनी मात्र हजारो वर्षांपूर्वी न गळणारी लोंबी निवडली, कारण गळलेला दाणा घरी नेता येत नाही. त्या दिवसापासून धान माणसावर अवलंबून झालं. मिलनासाठी त्याला कुणी लागत नाही, पण पेरणीसाठी आपण लागतो.

दहा ते बाराची वेळ

आता या फुलापुढे नवी अडचण आहे. फुलताना तापमान ३५ अंशांच्या वर गेलं, तर तासाभरातही पराग बिघडू शकतो. परागाच्या पिशव्या नीट फुटत नाहीत, कुक्षीवर पुरेसा पराग पडत नाही. बाहेरून लोंबी छान दिसते, पण हातात घेतली की हलकी लागते: आत दाणाच नाही, नुसतं पोचट. मार्च-एप्रिलमध्ये फुलणाऱ्या उन्हाळी धानाला हा धोका जास्त. फुलोऱ्यात सलग पाऊस लागला तरीही दाणे कमी भरतात.

यावरचा एक उपाय त्याच वाणांच्या गर्दीत शोधला जातो. काही धानं दिवसात लवकर फुलतात, काहींचा पराग उष्णतेत जास्त तग धरतो. असे गुण आधीपासून कुणाच्या तरी कणगीत किंवा संग्रहात असतील, तरच ते नव्या वाणात आणता येतात. कुणा शेतकऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी जपलेली वेगळी लोंबी उद्या आपल्या ताटातला भात वाचवू शकते, ती अशी.

घरी करून पाहा

दिवाळीच्या बाजारात छत्तीसगढमध्ये नव्या धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर मिळते. दाराला लावतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. यंदा ती आणलीत तर मुलांना घेऊन एवढं करा.

१. एका लोंबीचे दाणे मोजा. भरलेले किती, पोचट किती, वेगवेगळे मांडा. पोचट म्हणजे मिलन किंवा भरण जमलं नाही असं फूल.

२. वीस भरलेले दाणे एक दिवस पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. दुसऱ्या फडक्यात घरातला पांढरा तांदूळ ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा.

३. चार-पाच दिवसांनी दोन्ही फडकी उघडा. कुणाला अंकुर आला, कुणाला नाही आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.

४. उगवलेली रोपं जुन्या बादलीत चिखल करून लावा, त्यात बोटभर पाणी ठेवा, बादली उन्हात ठेवा. लोंबी निसवली की आठवडाभर सकाळी दहानंतर बादलीजवळ बसा. तुसं उघडताना दिसतील.

आणि पुढच्या वेळी वाणसामानाच्या यादीत ‘एचएमटी ५ किलो’ लिहाल, तेव्हा घरातल्या कुणीतरी विचारलंच, की हे घड्याळाचं नाव तांदळाला कसं, तर नांदेडच्या दादाजींचं नाव जरूर सांगा. पिशवीवर ते छापलेलं नसतं.